आजोळचा मेळ

फाटकातून बाहेर पडताना वरच्या पडद्यावर आकडा उमटला. एक्केचाळीस. आकड्याखाली दोघींचा फोटो होता. शैलजाबाई डोळे मिचकावत होत्या आणि मिहिका दुसरीकडेच कुठेतरी बघत होती.

"एक्केचाळीस!" फाटकावरच्या मामीने टाळ्या वाजवल्या. "छान हं आज्जी! पुढच्या वेळी आणखी छान करू!"

दंडोबाच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या बागेचं नावच 'आजोळ' होतं. तिथे कामाला असलेल्या प्रत्येक बाईला मामी म्हणायचं आणि पुरुषाला मामा, असा नियम होता. मामींच्या हिरव्या साड्या गणवेशाच्या होत्या आणि नाकातल्या नथी चिकटवलेल्या. आत रबराची विहीर होती, बैलांवाचून गोल फिरणारी बैलगाडी होती, भातुकलीची झोपडी होती, झुलता पूल होता. आजी-आजोबांनी नातवंडांना घेऊन दिवसभर हिंडावं आणि जाताना आपला आकडा घेऊन जावं.

मिहिकाने हात ओढला. "आज्जी, एक्केचाळीस म्हणजे पास का गं?"

"पस्तीसला पास असतं. म्हणजे आपण पास."

"पण आबांना अडुसष्ट पडले."

"आबा हुशार आहेत तुझे."

"ते नाणं गिळतात आणि माझ्या कानातून काढतात," मिहिका म्हणाली. मग थोडा विचार करून तिने समजूत घातली, "तुला मुंग्या चांगल्या कळतात."

दुपारभर त्या दोघी चिंचेच्या झाडाखाली मुंग्या बघत बसल्या होत्या. एक मुंगी मेलेल्या टोळाचा पाय ओढत चालली होती. साडेसहा वर्षांची मिहिका पोटावर पालथी पडून वहीत तिचं चित्र काढत होती, आणि शैलजाबाई चित्राकडे आणि मुंगीकडे आळीपाळीने बघत होत्या. अर्धा तास कुणी कुणाशी बोललं नव्हतं. कित्येक महिन्यांत इतकी चांगली दुपार गेली नव्हती, असं बसल्या बसल्या शैलजाबाईंच्या मनात आलं होतं. फाटकाशी दोघींच्या मनगटांवर बांधलेल्या पट्ट्यांतला मणी मात्र सगळा वेळ पांढराच राहिला होता.

मणी पांढरा का राहिला हे त्यांना इतर आज्ज्यांपेक्षा लवकर कळायला हवं होतं. मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यात एकतीस वर्षं त्यांनी ईसीजी काढले होते.

हृदय घड्याळासारखं टिकटिकत नाही. श्वास आत घेताना ते किंचित घाई करतं, सोडताना रेंगाळतं. दोन ठोक्यांमधलं अंतर सेकंदाच्या काही शतांशांनी सतत बदलत असतं, आणि ते बदलणं प्रत्येकाचं वेगळं असतं. मात्र दोन माणसं एकमेकांत गुंतली की त्यांच्या ठोक्यांमधली अंतरं बरोबरीने लांबू-आखडू लागतात, जणू दोन लगाम एकाच हातात आहेत. दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेने ही बरोबरी मनगटावरून अचूक मोजायची युक्ती काढली आणि तिला शून्य ते शंभर असा आकडा दिला. हाच मेळ. बरोबरी वाढली की पट्टीतला मणी पांढऱ्याचा पिवळा होई आणि पिवळ्याचा हिरवा. दिवसभरातल्या सर्वांत चांगल्या सलग अर्ध्या तासाची सरासरी फाटकावर दिसे.

सुरुवातीला ती गंमत होती. जत्रेत वजनकाट्यावर उभं राहावं तशी माणसं मेळ काढून घ्यायची. मग डॉक्टरांनी तो मागायला सुरुवात केली, मग न्यायालयांनी, मग शाळांनी. प्रयोगशाळेच्या माहितीपत्रकात शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ होती: मेळ किती आहे हे यंत्र सांगते, कशामुळे आहे हे सांगत नाही. बागेत येणाऱ्यांपैकी ती ओळ वाचलेल्या बहुधा शैलजाबाई एकट्याच असाव्यात. यंत्राबरोबर आलेला कागद शेवटपर्यंत वाचायचा, ही त्यांची नोकरीतली सवय होती.

*

सांगलीला मुलाच्या घरी जेवणं झाल्यावर केतकीने विषय काढला. केतकी म्हणजे शैलजाबाईंची सून. समोर तिचे वडील, म्हणजे मिहिकाचे आबा, विलास चौगुले, आंब्याची कोय चोखत बसले होते. जयसिंगपूरच्या शाळेत पीटीचे मास्तर म्हणून निवृत्त झालेले, सहा फुटी, घरात एकटे राहणारे. शैलजाबाईही मिरजेत एकट्याच होत्या. दोघांनाही एकच नात.

"नव्या शाळेचा नियम आहे," केतकी म्हणाली. "प्रत्येक मुलाचा एक मुख्य ज्येष्ठ ठरवायचा. रविवार त्यांच्याचबरोबर घालवायचा. दोन-तीन ठिकाणी ओढ विभागली की मुलांचं लक्ष लागत नाही म्हणे. दुसऱ्यांनी सणावाराला भेटायचं."

"एकाआड एक रविवार नाही का चालणार?" शैलजाबाईंनी विचारलं.

"चालत असतं तर मी बोलले असते का, आई?"

त्यांचा मुलगा अभिनंदन ताटातल्या आमटीच्या रेषा बोटाने ओढत होता. तो म्हणाला, "आई, आम्ही ठरवणं बरं दिसत नाही. दोघंही आम्हाला सारखेच. म्हणून आजोळवर सोडलंय. झालेली धरून तीन-तीन फेऱ्या करायच्या. ज्याचा एखादा आकडा सगळ्यात वर जाईल, त्याच्याकडे मिहू. चार महिन्यांनी शाळा एकदा पुन्हा मोजून घेते, मग पक्कं."

"म्हणजे हे आमचं मत नाही," केतकी म्हणाली. "मिहूच्या मनाचंच म्हणायचं."

"तिलाच विचारलं तर?"

"मुलं काय, आइस्क्रीम देईल त्याचं नाव घेतात."

चौगुले मास्तर मोठ्याने हसले. "मग माझं अवघडच आहे की! विहीणबाई, तुमचा एक्केचाळीस ऐकून मला वाटलं ताप आला का काय तुम्हाला. पोरीला बागेत नेऊन झोपवलंत?"

"मुंग्या बघितल्या आम्ही."

"मुंग्या! अहो, मुंग्या बघायला तिकीट काढून जायचं व्हय? घरात साखर सांडायची!"

सगळे हसले. मिहिकाही हसली. शैलजाबाईही हसल्या, आणि पाणी प्यायला म्हणून आत गेल्या.

खरं तर हा माणूस त्यांना आवडायचा. त्याच्याबरोबर असताना मिहिका फिदीफिदी हसायची आणि तोही हसायचा, त्यात दोघांचे ठोके जवळ यायचे. दुसऱ्या फेरीला चौगुल्यांना बहात्तर पडले. तिसऱ्या फेरीला सत्तर. झालं, त्यांच्या फेऱ्या संपल्या. गाठायचा आकडा बहात्तर.

*

दुसऱ्या फेरीला शैलजाबाईंनी मिहिकाला हसवायचा प्रयत्न केला. घरी आरशासमोर बसून त्यांनी दोन विनोद पाठ केले होते. पहिला ऐकून मिहिका म्हणाली, "आज्जी, तुझं पोट दुखतंय का?" दुसरा त्यांनी सांगितलाच नाही. आकडा आला चव्वेचाळीस.

त्या दिवशी मात्र त्यांनी खिडकीवरच्या मामांकडे तालपट मागितला. तालपट म्हणजे दिवसभराच्या मेळाचा छापील आलेख. सहसा तो कुणी मागत नसे. मामांना तो कुठल्या कळीने छापायचा हेही शोधावं लागलं.

घरी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून त्यांनी चष्मा लावला. सकाळपासून दुपारपर्यंत रेघ चाळिशीच्या आसपास लोळत होती. एकाच ठिकाणी, अकरा वाजून वीस मिनिटांनी, ती एकदम सुळक्यासारखी वर गेली होती. एक्क्याण्णव. चाळीस सेकंदं.

त्यांनी आठवून बघितलं. अकरा वीसला त्या झुलत्या पुलावर होत्या. मिहिकाचा पाय फळीतल्या फटीत गेला होता. ती किंचाळली आणि तिने शैलजाबाईंच्या कमरेला मिठी मारली. शैलजाबाईंच्याही काळजात धस्स झालं होतं.

त्या बराच वेळ त्या सुळक्याकडे बघत राहिल्या. एकतीस वर्षं त्यांनी हाच सुळका पुसला होता. लहान मूल टेबलावर आडवं केलं की घाबरायचं, थरथरायचं, आणि ती थरथर कागदावर उतरून ईसीजीची पट्टी वाया जायची. डॉक्टर चिडायचे. मग शैलजाबाईंना बोलावलं जाई. दोन्ही तळहात एकमेकांवर चोळून त्या गरम करायच्या, थंड जेली आधी आपल्या हातावर घ्यायच्या, मुलाची पावलं धरायच्या आणि हळू आवाजात आकडे मोजायला लावायच्या. बारापर्यंत मोजेस्तोवर बहुतेक मुलं शांत होत. कुठल्या वयाचं मूल कशाला घाबरतं हे त्यांना पाठ होतं. दोन वर्षांचं अनोळखी चेहऱ्याला घाबरतं. चार वर्षांचं सुईला. सहा-सात वर्षांचं मूल मात्र सगळ्यात जास्त घाबरतं ते आपल्या हातून काहीतरी चुकलं आणि त्यामुळे आईला काही झालं, या कल्पनेला.

आणि आईबापांनी काळजीने विचारलं की त्या एकच वाक्य बोलायच्या. "पट्टी खोटं बोलत नाही हो. जे आहे ते दाखवते." अभिनंदन लहानपणी ताप लपवायचा तेव्हा थर्मामीटर हातात धरून त्या त्यालाही हेच सांगायच्या.

शैलजाबाईंनी कागदाची घडी घातली आणि डब्यात ठेवली. मग पुन्हा बाहेर काढली.

*

तिसऱ्या फेरीला मे महिना संपत आला होता. ऊन असं की रबराच्या विहिरीला हात लावावेना. आजोळच्या मागच्या बाजूला मेंदीच्या उंच कुंपणांचा भूलभुलैया होता. सावली म्हणून लोक तिकडे जात.

"तू पुढे हो," शैलजाबाई म्हणाल्या. "मी चपलेचा पट्टा लावून आलेच."

मिहिका उड्या मारत वळणाआड गेली. शैलजाबाई दुसऱ्या वळणाआड गेल्या.

तिथे खांबावर कॅमेरा होता. पण माहितीपत्रक त्यांनी वाचलेलं होतं. मूल एकटं दिसलं की मामा धावत येतात, मात्र मेळ चढता असेल तर मध्ये पडायचं नाही, अशी त्यांना सूचना होती. कारण पुष्कळदा तो लपंडाव असतो.

"आज्जी?" पहिली हाक साधी होती. प्रश्न विचारावा तशी.

शैलजाबाईंनी उजव्या हाताची तीन बोटं डाव्या मनगटावर ठेवली आणि सवयीने नाडी मोजायला सुरुवात केली.

"आज्जी!"

मणी पिवळा झाला. कुंपणापलीकडे पावलं धावत गेली, थांबली, उलट धावत आली. दोघींमध्ये हातभर जाडीची मेंदी होती. पानांतून मिहिकाचा लाल फ्रॉक दिसत होता. जावं, आत्ता जावं. एकशे दहा. एकशे अठरा. म्हातारीचं हृदय पोरीच्या मागे मागे पळत होतं, आणि ते खोटं नव्हतं.

"आज्जी गं! आज्जी!" आता त्या हाकेत शब्द उरला नव्हता. मणी हिरवागार झाला.

चार मिनिटांनी त्या वळणाआडून बाहेर आल्या. मिहिका धावत येऊन त्यांच्या पोटावर आदळली. तिचं सगळं अंग लटलट कापत होतं. शैलजाबाईंनी तिला दगडी बाकावर मांडीत घेतलं, डोक्यावरून हात फिरवला, आणि त्यांच्याही डोळ्यांतून पाणी आलं. मणी हिरवाच होता.

पण मूल ते मूल. सात-आठ मिनिटांत हुंदके विरले. मिहिकाने फ्रॉकला नाक पुसलं आणि चक्क हसली. "आज्जी, मी नव्हते हरवले. तू हरवली होतीस."

"हो का?"

"हो. पण मी शोधलं तुला."

मणी पिवळा झाला. शैलजाबाईंनी घड्याळ बघितलं. बारा मिनिटं झाली होती. अर्ध्या तासाला अठरा कमी.

इथे त्या उठल्या असत्या तरी चाललं असतं. मुलगी आईस्फ्रूट खाऊन संध्याकाळपर्यंत सगळं विसरली असती, आकडा साठ-पासष्ट आला असता, आणि जूनपासून रविवार चौगुल्यांचे झाले असते. मिरजेच्या घरात रविवारी सकाळी त्या एका कपाचा चहा करतात, तो तसाच पुढे सुरू राहिला असता.

"मिहू," त्या म्हणाल्या. आवाज तोच होता, हळू, टेबलावरच्या मुलांशी बोलायचा. "आज मी सापडले. पण मी म्हातारी झालेय ना? एखाद्या दिवशी तू अशीच हाक मारशील, आणि मी येणारच नाही."

मिहिकाचं हसू गेलं. "का?"

"तू हात सोडलास म्हणून."

मिहिकाने आपला हात शैलजाबाईंच्या हातात घातला, मग दुसऱ्या हाताने तो वरून धरला. तिची नखं पांढरी पडली. अर्धा तास संपून वर दहा मिनिटं होईपर्यंत दोघी तशाच बसून राहिल्या. समोरून मुंग्यांची रांग गेली. मिहिकाने तिकडे बघितलं नाही.

फाटकावर आकडा आला, त्र्याऐंशी. मामीने टाळ्या वाजवल्या, दुसऱ्या मामीलाही बोलावलं. मिहिकाने या खेपेला पास का, असं विचारलं नाही.

*

चौगुले मास्तर आठवड्याने मिरजेला आले. आधी फोन न करता. हातात जयसिंगपूरच्या बाजारातली वांगी होती आणि शर्टाच्या खिशात नाणं.

"बसत नाही," म्हणत ते बसले. "कसं जमवलंत, विहीणबाई? एकदम दुप्पट?"

"काही नाही. हात धरून बसले नुसती."

"हां." ते पंख्याकडे बघत राहिले. "मला कधी सुचलंच नाही. मी आपला माकडउड्या मारत बसलो." मग त्यांनी नाणं टेबलावर ठेवलं. "हे तिला कानातून काढलेलं आवडतं. दोन बोटांच्या बेचक्यात असं धरायचं, हे बघा, आणि मनगट वळवायचं. शिका तुम्ही. रविवारी तिनं मागितलं आणि कुणाला येत नसलं, तर पोरगी खट्टू व्हायची."

सहा फुटी माणूस पंधरा मिनिटं त्यांना नाणं लपवायला शिकवत होता. शैलजाबाईंच्या हातून ते दोनदा पडलं. तो वाकून उचलून देत होता.

मिहिकाने ते नाणं कधी मागितलं नाही.

जूनपासून ती दर रविवारी येऊ लागली. दारात पाऊल टाकल्या टाकल्या हात धरायची. शैलजाबाई पोळ्या लाटत तेव्हा पदर धरायची. त्या न्हाणीघरात गेल्या की दाराला पाठ लावून बसायची आणि दर थोड्या वेळाने विचारायची, "आहेस?" आतून "आहे" म्हणावं लागे. वही कोरीच राहिली. अंगणातल्या मुंग्या दाखवल्या तर ती म्हणाली, "बघताना हात सुटतो."

शैलजाबाईंनी पुष्कळ करून बघितलं. पावलं धरली, आकडे मोजायला लावले. मिहिका बारापर्यंत मोजायची, शंभरपर्यंत मोजायची, आणि तशीच ताठ बसून राहायची. एकतीस वर्षांत असं मूल त्यांनी बघितलं नव्हतं. अर्थात, त्यांच्या टेबलावरच्या मुलांना दुसऱ्या कुणीतरी घाबरवलेलं असे.

केतकी मात्र खुश होती. "आई, काय जादू केलीत हो? रविवारी सकाळपासून पोट धरून बसते. दुखतं म्हणते. तुमच्याकडे यायची एवढी घाई!"

शैलजाबाईंनी तेव्हा काही सांगितलं नाही. पुढच्या रविवारी सांगू, असं ठरवलं. पुढच्या रविवारी मिहिका त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, झोपेतही बोटं पदरात. त्या हलल्या नाहीत. पाय मुंग्या येऊन बधिर झाले तरी हलल्या नाहीत. त्यांच्या इतक्या जवळ कुणी झोपलं होतं, त्याला वीस वर्षं झाली होती.

*

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी पुन्हा मोजणी होती. अभिनंदन-केतकी दोघंही आजोळला आले आणि फाटकाबाहेर थांबले. चौगुलेही आले होते. आपला काही संबंध नाही, नुसती पोरगी दिसेल म्हणून आलो, असं ते दोनदा म्हणाले.

शैलजाबाईंनी रात्रीच ठरवून ठेवलं होतं. मिहिकाला सगळं खरं सांगायचं. म्हणजे तिच्या मनातलं ते जाईल, मुलगी मोकळी होईल. मेळ थोडा उतरेल, उतरू दे. पण आता इतके महिने गेलेत, हात धरायची सवय झालीय, बहात्तरच्या खाली काही जायचा नाही. दोन्ही गोष्टी साधतील, असा त्यांचा हिशेब होता.

त्याच दगडी बाकावर त्या बसल्या.

"मिहू, त्या दिवशी मी हरवले नव्हते. इथेच होते. या मेंदीच्या पलीकडे."

मिहिकाने धरलेला हात आणखी घट्ट केला.

"तू हाका मारत होतीस, त्या मला ऐकू येत होत्या. मी मुद्दाम आले नाही. आणि हात सोडल्यावर आज्जी जाते, ते खोटं होतं बाळा. तू खुशाल हात सोड. काही होत नाही."

"ऐकू येत होतं?"

"हो."

"मी रडत होते ते पण?"

"हो."

मिहिकाने मेंदीकडे बघितलं, मग शैलजाबाईंकडे. हळूहळू तिने हात काढून घेतला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकली. तिचा चेहरा शैलजाबाईंनी ओळखला. टेबलावरचं मूल सुईकडे बघत नसतं. सुई जिच्या हातात आहे तिच्याकडे असं बघतं. त्यांनी हात पुढे केला तर मिहिका दचकली. त्या घाबरून मागे आल्या. ती हलली की या धास्तावत, या हलल्या की ती. उरलेला वेळ दोघी बाकाच्या दोन टोकांना, एकमेकींवरची नजर न काढता बसून होत्या. मण्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

फाटकावर आकडा आला, चौऱ्याण्णव.

भोंग्यातून सनई वाजू लागली. मामी धावत आल्या, एकीने दोघींना हार घातले. आजोळ उघडल्यापासूनचा हा सर्वांत मोठा आकडा होता, फोटो वर्षभर फाटकावर लागणार होता. अभिनंदनने आईच्या पायाला हात लावला. केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं.

मिहिका मात्र आईच्या पायाला बिलगली. "मला आज्जीकडे नाही जायचं."

"अगं, लाडोबा!" केतकी हसली. "चौऱ्याण्णव पडले आणि म्हणे नाही जायचं!"

"नको ना आई. ती ऐकते आणि येत नाही."

"कशाला येत नाही? ही बघ, आली की तुझ्यासमोर."

चौगुले पुढे झाले. त्यांनी गुडघे टेकले आणि नातीच्या मानेमागे हात ठेवला. हसत नव्हते. "केतकी, ही पोरगी भ्यालीय. अडतीस वर्षं पोरं धावडवलीत मी. भ्यालेलं पोर मला कळतं."

"आबा, पुरे," केतकी खालच्या आवाजात म्हणाली. "तुम्ही हरलात याचं मलाही वाईट वाटतं. पण असं बोलू नये."

"मी हरलो म्हणून न्हाई गं..."

"मग यंत्र खोटं बोलतंय का?"

चौगुले शैलजाबाईंकडे बघू लागले. सगळेच बघू लागले.

"आईलाच विचारा की," अभिनंदन म्हणाला. "उभं आयुष्य तिने हेच केलंय. आई, तू सांग. पट्टी खोटं बोलते का?"

गळ्यातला हार मानेला टोचत होता. मिहिकाही बघत होती. तिला सगळं ठाऊक होतं, आणि आज्जी आता सांगेल, याची ती वाट बघत होती. काहीही असलं तरी आज्जीच एक होती, जिने तिला खरं सांगितलं होतं.

एक वाक्य पुरे होतं. ते शैलजाबाईंच्या तोंडाशी आलंही. त्याच्यामागून मिरजेचं घर आलं, रविवारची सकाळ आली, ओट्यावरचा एक कप आला.

"नाही," त्या म्हणाल्या. "पट्टी खोटं बोलत नाही. जे आहे ते दाखवते."

चौगुले उठून उभे राहिले आणि गुडघ्यांची माती झटकू लागले. बराच वेळ झटकत राहिले.

"ऐकलंस?" केतकीने मिहिकाला अलगद पुढे ढकललं. "जा. आज्जीचा हात धर. फोटो काढायचाय."

मिहिकाने आईकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. आबांकडे बघितलं, तर ते पाठमोरे होते. मग ती स्वतःहून चालत आली आणि तिने हात पुढे केला, डोळे मिटून, टेबलावरची शहाणी मुलं करतात तसा.

शैलजाबाईंनी सवयीप्रमाणे आधी दोन्ही तळहात एकमेकांवर चोळून गरम केले, आणि मग तो हात हातात घेतला.

दोन्ही मणी एकदमच हिरवे झाले.